त्यांची स्मृती आपण जाळली, आपली स्मृती कोण राखणार?



"ताई, फोन सारखा आपोआप बंद होतोय, चालू होतोय. दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावा लागंल. मारू का?"

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून एका पोराने मला हा प्रश्न विचारला. तेव्हा मी एसटीत होते. गावात जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली होती, चार जणांची डोकी फुटली होती, आणि त्या सगळ्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ या पोराच्या फोनमध्ये होता. मी त्याला म्हणाले, "व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय ना? मग झालं. मार फॉरमॅट."

तीनशे रुपयांत फोन स्वच्छ झाला. खटला उभा राहायला पुढे बराच काळ गेला. दरम्यान दोन साक्षीदार फितूर झाले. का झाले, हे गावच्या अर्थकारणाची ज्याला माहिती आहे त्याला सांगायला नको. शेत त्यांचे, ट्रॅक्टर त्यांचा, किराणा दुकानही त्यांचेच. राहिला व्हिडिओ. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत दोनच प्रश्न विचारले. मूळ फाइल कुठे आहे? आणि हीच ती फाइल, यात काटछाट झालेली नाही, हे कशावरून? व्हॉट्सॲपवरून दहा ठिकाणी फिरून आलेला व्हिडिओ आकाराने लहान झालेला, त्यातली मूळ तारीख-वेळ गेलेली. पोराला उत्तर देता आले नाही. व्हिडिओ टिकला नाही आणि आरोपी संशयाचा फायदा घेऊन सुटले.

त्या पोराने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणून आज मी स्वतः देते आहे. फॉरमॅट मारायला सांगणारी मी होते. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, अत्याचाराच्या प्रकरणांत गावोगाव फिरणारी मी, आणि पुरावा म्हणजे काय हे मला कळत नव्हते. फोन का बंद पडत होता? बॅटरी स्वस्तातली असेल, एखादे ॲप बिघडले असेल, आणखीही काही असेल. ते आता कधीच कळणार नाही, कारण जे सांगू शकले असते ते सगळे आम्ही पुसून टाकले.

हा लेख त्या पुसलेल्या गोष्टीविषयी आहे.

फोन कोसळतो तेव्हा मागे काय ठेवतो?

आपला मोबाईल दोन प्रकारे लक्षात ठेवतो. एक म्हणजे साठवण: फोटो, व्हिडिओ, मेसेज. दुसरी म्हणजे चालू स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. या क्षणी कोणते ॲप चालू आहे, ते कुणाशी बोलते आहे, कोणता मजकूर उघडा आहे, हे सगळे रॅममध्ये असते आणि फोन बंद झाला की जाते. या चालू स्मृतीची एखाद्या क्षणी जशीच्या तशी घेतलेली प्रत म्हणजे मेमरी डंप. पोलीस जसा जागेचा पंचनामा करतात, तसा हा फोनच्या डोक्याचा पंचनामा.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे यूट्यूबवरचे अर्धवट व्हिडिओ बघून कुणी फोन बिघडवून बसणार नाही. अँड्रॉइड फोनच्या संपूर्ण रॅमचा डंप घ्यायला फोन 'रूट' करावा लागतो. त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे पुरावा वाचवायला निघालो आणि पुरावाच घालवला. ते काम प्रयोगशाळेचे आहे. ते आपण करायचे नाही.

आपल्या हातात जे आहे ते लहान आहे, पण कामाचे आहे. कोणतेही ॲप कोसळले की अँड्रॉइड त्याची एक नोंद ठेवतो. तिच्यातल्या एका प्रकाराला त्या धंद्यातले लोक 'टूमस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड: कोण मेले, केव्हा मेले, मरताना कुठे होते. शिवाय फोनची रोजची नोंदवही, म्हणजे लॉग, चालू असते. या सगळ्याचे एकत्र गाठोडे बांधायची सोय बहुतेक फोनमध्ये आधीच दिलेली असते. त्याला 'बग रिपोर्ट' म्हणतात. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारले की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडते. त्यात बग रिपोर्ट घेण्याचा पर्याय असतो. काही मिनिटांत एक झिप फाइल तयार होते. कोणती ॲप बसवलेली आहेत, कोणती कोसळली, फोन केव्हा सुरू झाला, बॅटरी कुणी खाल्ली, हे तिच्यात असते. हे लॉग फार काळ टिकत नाहीत. नवी नोंद आली की जुनी पुसली जाते, फोन बंद-चालू केला की आणखी जाते. म्हणून 'उद्या बघू' म्हणणारा माणूस इथे हरतो.

त्या पोराने फॉरमॅटच्या आधी पाच मिनिटे थांबून हे गाठोडे बांधले असते, मूळ व्हिडिओ केबल लावून जसाच्या तसा काढून ठेवला असता, तर वकिलाच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर होते.

हा आपला प्रश्न आहे का?

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, हे इंजिनिअर लोकांचे खूळ आहे, चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध काय, हे गेल्या काही वर्षांतल्या तीन प्रकरणांवरून सांगते.

पहिले प्रकरण एल्गार परिषदेचे. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर परिषद झाली, १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, आणि ६ जून २०१८ ला अटक कुणाला झाली? नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, सुधीर ढवळे, रोना विल्सन, शोमा सेन, महेश राऊत. पुढे आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. या खटल्याचा मोठा आधार होता संगणकात सापडलेली पत्रे. मग विल्सन यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची तंतोतंत प्रत बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात त्यांनी म्हटले की, 'नेटवायर' नावाच्या घुसखोर प्रणालीने तो संगणक बावीस महिने ताब्यात होता आणि ती पत्रे बाहेरून आणून लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही त्याच संस्थेने तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेने हे मान्य केलेले नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. हे बोलता तरी का आले? तंतोतंत प्रत हातात होती म्हणून. प्रत नसती तर या माणसांच्या बाजूने फक्त त्यांचा शब्द राहिला असता, आणि आपल्या माणसाच्या शब्दाची या देशात काय किंमत होते हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे प्रकरण पेगासस. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनेच जगभरातल्या सुमारे १४०० फोनना लक्ष्य केल्याचे सांगितले आणि इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर दावा लावला. ज्यांना तसा इशारा मिळाला त्यांत आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. समितीकडे तपासायला फोन किती आले? २९. त्यांतल्या पाचांत घातक प्रणाली सापडली, पण ती पेगाससच होती असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने नोंदवले. एवढ्या मोठ्या देशातून फक्त २९ फोन! ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने याच कामासाठी 'मोबाईल व्हेरिफिकेशन टूलकिट' नावाच्या स्क्रिप्टचा संच २०२१ मध्ये सर्वांसाठी मोफत खुला केला. तो आयफोनचा बॅकअप किंवा अँड्रॉइडचा बग रिपोर्ट वाचतो आणि ज्ञात खुणांशी ताडून बघतो. अँड्रॉइडमध्ये अशा खुणा आयफोनपेक्षा कमी टिकतात. आपल्या वस्तीत आयफोन किती आणि अँड्रॉइड किती? म्हणजे ज्यांच्या फोनमध्ये पुरावा लवकर मरतो, तेच आपण.

तिसरे प्रकरण सांगताना हात जड होतो. मुंबईत डॉक्टरीचे पुढचे शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी, डॉ. पायल तडवी, २२ मे २०१९ ला गेली. मूळ कागदी चिठ्ठी तपासात मिळाली नाही. तिच्या मोबाईलमध्ये त्या चिठ्ठीचे फोटो सापडले, असे आरोपपत्रात आले. खटल्याचा निकाल न्यायालय लावेल. पण त्या मुलीचे शेवटचे म्हणणे कागदाने नाही, फोनने जपले, हे विसरू नका. तो फोन कुणी भाबडेपणाने फॉरमॅट केला असता तर?

महाडचा खटला आपण नीट वाचला आहे का?

महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवते आणि २५ डिसेंबर १९२७ आठवते. ओंजळभर पाणी आणि मनुस्मृतीचे दहन. या दोन तारखांमागे एक तिसरी तारीख आहे, ती आपल्या भाषणांत कमी येते: १७ मार्च १९३७. सवर्णांनी दावा लावला होता की तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची प्रथा अनादिकाळापासून आहे. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. नऊ वर्षांहून अधिक काळ दावा चालला. मुंबई उच्च न्यायालयात अखेर सवर्ण हरले. का हरले? त्यांची प्रथा अनादिकाळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे शेवटी विचारला गेलेला प्रश्न होता: पुरावा काय?

ज्यांनी हजारो वर्षे स्वतःच्या स्मृतीलाच कायदा म्हटले, त्यांना बाबासाहेबांनी पुराव्याच्या मैदानात खेचले आणि हरवले. रस्त्यावरचा सत्याग्रह आणि न्यायालयातला कागद, दोन्ही त्यांनी एकाच वेळी चालवले. आपण मात्र पहिला वारसा घेतला आणि दुसरा वकिलांवर सोडून दिला. आपण त्यांची स्मृती जाळली, ते योग्यच केले. पण स्वतःची स्मृती राखायची जबाबदारी जाळण्याने संपत नाही, तिथून ती सुरू होते.

आज न्यायालय पुराव्याबद्दल काय म्हणते? योगायोग बघा, देशभर लागू असलेला निर्णय आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन दाखवले तर मात्र त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. कोणत्या पद्धतीने काढले तेही सांगावे लागते: शा-१, शा-२५६, एमडी-५ की आणखी काही.

म्हणजे 'हॅश' हा शब्द आता संगणकवाल्यांचा राहिला नाही. तो फिर्यादीचा शब्द झाला आहे. ॲट्रॉसिटीची कलमे पाठ असणाऱ्या माझ्या कार्यकर्त्या भावाबहिणींना तो माहीत नसेल, तर कलमे पाठ असून उपयोग काय?

उपालीने काय केले होते?

हॅश म्हणजे काय, हे मी विहारातल्या मुलांना संगीतीच्या गोष्टीतून सांगते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला. उपाली जन्माने न्हावी. ज्याच्या जातीला ग्रंथाच्या आसपास फिरकू दिले नसते, त्याच्याकडे संघाने आपल्या नियमांची स्मृती सोपवली. आणि ती एकट्याच्या डोक्यात ठेवली नाही. सगळ्यांनी मिळून म्हटली. अनेक मुखांतून एकच पाठ येतो आहे तोवर तो शुद्ध. एकाचा शब्द बदलला की बाकीच्यांना लगेच कळणार.

हॅश हेच करते. फाइल कितीही मोठी असो, तिच्यावर शा-२५६ चालवले की चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. फाइल तीच असेल तर ओळ तीच येते, आज काढा की दहा वर्षांनी काढा, तुमच्या फोनवर काढा की न्यायालयाच्या संगणकावर. फाइलमधला एक ठिपका बदलला तर ओळ पूर्ण बदलते. ही ओळ वकिलाकडे, संघटनेच्या कार्यालयात आणि आणखी एका भरवशाच्या माणसाकडे आधीच पोचलेली असेल, तर तीन मुखांतून एकच पाठ आला. मग कुणी म्हणू दे काटछाट केली म्हणून.

हे काम दर वेळी हाताने करायला गेलो की चुका होतात. दगडफेकीच्या रात्री कुणाचे हात स्थिर असतात? म्हणून स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे फोनला एकदाच लिहून दिलेली कामांची यादी. अँड्रॉइडवर 'टर्मक्स' नावाचे मोफत ॲप आहे, ते 'एफ-ड्रॉइड'वरून घ्यावे. त्यात दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती करते काय?

ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली आहे का, ते बघते. बग रिपोर्ट असो, मूळ व्हिडिओ असो, ध्वनिमुद्रण असो. तिचे शा-२५६ काढते. एका नोंदवहीत ओळ लिहिते: तारीख, वेळ, फाइलचे नाव, आकार, हॅश. मग फाइलची प्रत टर्मक्सच्या स्वतःच्या जागेत त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि तिच्यावरचा बदल करण्याचा हक्क काढून घेते. प्रत टर्मक्सच्या जागेत का? कारण फोनच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये हा हक्क काढून घेता येत नाही. शेवटी प्रतीचे हॅश पुन्हा काढून मूळाशी ताडते आणि जुळले नाही तर ओरडते. दिवसअखेरी नोंदवहीचेच हॅश काढायचे आणि ती एक ओळ वकिलाला मेल करायची. मेलवर तारीख-वेळ पडते. तुम्ही फाइल पाठवलेली नाही, तरी ती फाइल त्या दिवशी तशीच होती याची खूण दुसऱ्याच्या हातात गेली.

दोन सावधगिऱ्या. टर्मक्स काढून टाकले की त्याच्या जागेतले सगळे जाते, म्हणून आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर काढावी. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो आणि हॅश बदलते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

स्मृती राखायची म्हणजे उघडी टाकायची नाही

इथे मला आपल्याच तरुणांना सुनवायचे आहे. आपल्याला प्रत्येक गोष्ट ग्रुपवर टाकायची घाई असते. डंप आणि बग रिपोर्ट ग्रुपवर टाकायची वस्तू नाही. त्यात तुमची खाती, वायफायची नावे, ॲपची यादी असते. रॅमच्या डंपमध्ये तर पासवर्ड आणि मेसेजचे तुकडेही असू शकतात. अत्याचारग्रस्त मुलीचे नाव, साक्षीदाराचा ठावठिकाणा त्यात असेल आणि तो गावातल्या दांडग्यांच्या हाती पडला, तर तो साक्षीदार आपण मारला असे समजा. म्हणून प्रत कुलूपबंद हवी, 'जीपीजी'सारख्या साधनाने. किल्ली दोघांकडेच.

आणि उलट टोकाची चूकही करू नका. पोलीस येणार म्हणून घाबरून फोन पुसणे हा शहाणपणा नाही. पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. आपण राखणारे आहोत, पुसणारे नाही. हा फरक आपल्या वागण्यातून दिसला पाहिजे.

तीन आक्षेप, तीन उत्तरे

पहिला आक्षेप मित्राचा आहे: "न्यायालयेच त्यांची, तिथे हॅश घेऊन काय करशील?" न्यायव्यवस्थेतले जातवास्तव मला शिकवू नका, मी तिच्या पायऱ्यांवर बायकांना रडताना पाहिले आहे. पण 'व्यवस्था त्यांची आहे' हे वाक्य जेव्हा घरी बसण्याचे कारण बनते, तेव्हा ते व्यवस्थेच्याच उपयोगाचे असते. १९२७ चे न्यायालय आपले होते का? ब्रिटिशांचे होते, आणि डिसेंबर १९२७ मध्ये त्याच न्यायव्यवस्थेने आधी बाबासाहेबांच्या विरोधात मनाई हुकूम दिला होता. ते घरी बसले नाहीत. नऊ वर्षांहून अधिक काळ लढले.

दुसरा आक्षेप तंत्र जाणणाऱ्याचा: "हॅशने फाइल बदलली नाही एवढेच कळते, फाइलमधले खरे आहे हे कळत नाही. आणि टूलकिटला काही सापडले नाही म्हणजे फोन स्वच्छ आहे असेही नाही." अगदी बरोबर. खरे-खोटे तपासायला प्रयोगशाळा लागेल, तज्ज्ञ लागेल, प्रमाणपत्राचा दुसरा भाग त्यालाच भरावा लागेल. पण तज्ज्ञाच्या टेबलावर ठेवायला काही उरले पाहिजे ना? डॉक्टर येईपर्यंत रक्त थांबवणारा माणूस डॉक्टर नसतो, तरी तो लागतो.

तिसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, वागण्यातून करतो. तो आपल्या हिंजवडीतल्या, बंगळुरूतल्या, अमेरिकेतल्या इंजिनिअर बांधवांचा. जयंतीला वर्गणी येते, सहा डिसेंबरला स्टेटस येते, पुस्तकांसाठी पैसे येतात. याबद्दल कृतज्ञता आहे. पण मित्रा, तुझ्या कंपनीच्या सर्व्हरची एक प्रणाली कोसळली तर तू रात्री तीनला उठून डंप उघडून बसतोस. कोणत्या ओळीत चूक झाली ते सकाळपर्यंत शोधून देतोस. तुझ्या चुलतभावाच्या गावात माणूस कोसळतो तेव्हा तुझी ती विद्या कुठे असते? आरक्षणाने तुला त्या वर्गात बसवले, ते एकट्याने उतरून जाण्यासाठी नाही. वर्गणीबरोबर दोन रविवार दे. एवढेच मागते आहे.

मग करायचे काय?

मी ठराव मांडत नाही, काम मांडते आहे.

प्रत्येक तालुक्यात दोन माणसे, त्यांत एक मुलगी असावीच, एवढे शिकलेली हवीत: मूळ फाइल केबलने काढणे, बग रिपोर्ट घेणे, हॅश काढणे, स्क्रिप्ट चालवणे, नोंदवही राखणे. रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास पुरतात. घटना घडल्यावर पहिल्या दिवशी फिर्यादीबरोबर ही नोंदवही सुरू झाली पाहिजे.

आपल्या वकिलांनी प्रत्येक प्रकरणात लेखी मागणी करावी: फोन जप्त करताना पंचनाम्यात हॅश लिहा, आणि प्रत आम्हाला द्या. झडती-जप्तीचे चित्रीकरण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ (१०) प्रमाणे कार्यवाहीचे चित्रीकरण हा हक्क आहे. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि काय मागायचे हे माहीत असल्याशिवाय मागता येत नाही.

आणि ज्यांच्या हातात माईक आहे त्या नेत्यांना एक विनंती. 'संविधान वाचवा' म्हणता, जरूर म्हणा. पण ज्याच्या फोनमध्ये अत्याचाराचा पुरावा आहे त्या पोराला त्याच सभेत पाच मिनिटे द्या आणि तो कसा वाचवायचा ते सांगा.

आपल्या धम्मात सम्यक स्मृतीला पाली शब्द 'सम्मा सति'. त्याचा अर्थ नुसते आठवणे नाही. समोर जे आहे ते जागेपणी, जसे आहे तसे धरून ठेवणे. भीतीने वाढवायचे नाही, लाजेने लपवायचे नाही, आळसाने पुसायचे नाही. एखाद्या गावात एखादी आजी जबाब देताना थरथरते, तेव्हा तिच्या मागे तिच्या नातवाच्या फोनमधली एक न बदललेली फाइल उभी असेल, तर ती एकटी नसते.

तो पोरगा आता त्या तालुक्याचे हेच काम बघतो. मागच्या महिन्यात त्याने मला पहिल्यांदा एक मेल पाठवला. मजकूर काही नव्हता. फक्त तारीख आणि चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ.

मी ती जपून ठेवली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!